गाडी जाते, नाव राहते

घरातील जुनी वस्तू पैसे घेऊन विकणे ही गोष्ट आपल्या मराठी घरांत अद्यापही थोडी अवघडच वाटते. जुने कपाट धाकट्या जावेकडे जाते, शिवणयंत्र कुणा गरजू मुलीला दिले जाते, पितळेची भांडी मोडीत जातात. परंतु आपण किंमत सांगावी, समोरच्याने ती पाडावी आणि आपण ओसरीवर बसून 'नाही' म्हणावे, असा प्रसंग सहसा येत नाही. तो येतो मोटारगाडीच्या बाबतीत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत तर त्याला आणखी एक पदर असतो. गिऱ्हाईक एक तर पेठेतल्याच कुणाच्या ओळखीचे असते, नाहीतर सांगली-कोल्हापूरकडचे, दूरच्या नात्यातले. एकाशी रोजचा व्यवहार, दुसऱ्याशी सोयरीक. अशा माणसांच्या मागण्यांना कोठे मान द्यावा आणि कोठे हात जोडावेत, याचा विचार आम्हांला नुकताच करावा लागला. तो इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

हुबळीच्या दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळापासून जवळच आमचे घर. तीन बंधूंच्या कुटुंबांनी मिळून काही वर्षांपूर्वी एक फोर्स ट्रॅव्हलर घेतली होती. मागील आसने काढून तेथे दोन निजण्याच्या फळ्या, पाण्याची टाकी, शेगडी ठेवण्याचा ओटा आणि पडदे अशी सोय करून घेतलेली. पाश्चात्य देशांत ज्याला 'मोटरहोम' म्हणतात त्याचेच हे आपल्या ऐपतीतले रूप. पंढरपूर, तुळजापूर, सौंदत्ती, गोकर्ण अशा यात्रा त्या गाडीने केल्या. धर्मशाळेत जागा मिळो न मिळो, म्हाताऱ्या माणसांना पाठ टेकायला जागा असे. पुढे मुले बंगळूर-पुण्यास गेली, गाडी आठवड्यानुआठवडे जागची हलेना, आणि दुर्गदबैलच्या बाजारामुळे आधीच गजबजलेल्या या भागात एवढी गाडी उभी करून ठेवणे शेजाऱ्यांनाही जाचू लागले. तेव्हा ती विकावयाचे ठरले.

दलालाकडे द्यावी की परस्पर विकावी, हा पहिला प्रश्न. दलाल किंमत कमी देतो हे खरे. पण १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक सुधारणा अमलात आली आहे, ती पुष्कळांना ठाऊक नाही. परिवहन खात्याने अधिकृत केलेल्या विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिली व तसे रीतसर कळविले, की गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. परस्पर विक्रीत चार पैसे अधिक मिळतात; मात्र ही जबाबदारी नवा मालक नोंदला जाईपर्यंत आपल्याच गळ्यात असते. दलालाला न देता वाचवलेले पैसे हे एका अर्थाने त्या जबाबदारीचे वेतन आहे. ते मान्य असेल तरच या वाटेला जावे.

गाडी विकावयाची असल्याचे चार ठिकाणी कळताच दूरध्वनी सुरू झाले, आणि पहिलाच प्रश्न बहुतेकांचा एक: 'लास्ट एष्ट्री?' शेवटची किंमत किती? गाडी पाहिलेली नाही, कागद पाहिलेले नाहीत, आणि शेवटचा आकडा हवा. पुढे ठरलेले वाक्य: 'स्वल्प कडिमि माड्री', थोडे कमी करा. हुबळी हे व्यापाऱ्यांचे गाव आहे. घासाघीस येथे भांडण नसून शिष्टाचार आहे, आणि त्याचा राग मानण्याचे कारण नाही. आम्ही एवढेच ठरविले होते की, गाडी प्रत्यक्ष पाहून झाल्याखेरीज एक रुपयाही खाली यावयाचे नाही. दूरध्वनीवर दिलेला 'शेवटचा' आकडा घरी आल्यावर पहिला आकडा होतो आणि पुन्हा तेथून उतरण सुरू होते.

किंमत पाडण्यासाठी जी कारणे पुढे येतात त्यांतली काही ऐकण्याजोगी असतात. एका गृहस्थांनी विम्याचा कागद पाहून त्यातील किंमत दाखवली आणि 'कंपनीच जर एवढीच धरते तर आम्ही जास्त का द्यावे?' असे विचारले. प्रश्न बिनतोड वाटतो. पण विम्यातील किंमत घसाऱ्याच्या ठरीव कोष्टकाने येते. गाडीला चार वर्षे पूर्ण होऊन पाचवे सरेपर्यंत ती पन्नास टक्क्यांनी उतरवतात, आणि त्यापुढे विमा कंपनी व मालक आपसांत ठरवतील तो आकडा. तो चोरी किंवा संपूर्ण नुकसानीच्या वेळी भरपाई मोजण्यासाठी असतो, बाजारभाव सांगण्यासाठी नव्हे. दुसऱ्या एकाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद होणार म्हणून निम्मी किंमत सुचवली. ते निर्बंध दिल्ली व तिच्या भोवतालच्या राजधानी परिसरासाठी निघाले, हुबळीसाठी नव्हेत. येथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. अशा गोष्टी शांतपणे सांगितल्या की समोरचा माणूसही ऐकतो. न ऐकल्यास तो गाडीचा गिऱ्हाईक नव्हे, गप्पांचा.

गाडी तपासू देण्याच्या मागणीला मात्र कधीही आडकाठी करू नये. आपला मिस्त्री आणतो, म्हटले तर आनंदाने आणू द्यावा. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून पाहावयाचे आहे, म्हटले तर तेही द्यावे. जाणकार तेच मागतो, कारण गरम इंजिन आपले पुष्कळ रोग झाकून ठेवते. सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळते आहे, क्लच शेवटी शेवटी धरत असेल तर त्याची तबकडी झिजत आली आहे, हे कोणताही मिस्त्री पाच मिनिटांत ओळखतो. मग ते आपणच आधी का सांगू नये? आमच्या गाडीच्या मागील दाराच्या खालच्या कडेला गंज होता आणि वातानुकूलन यंत्र अधूनमधून बंद पडत असे. दोन्ही गोष्टी आम्ही येईल त्याला प्रथमच सांगत होतो. त्यामुळे दोघे परत गेले, पण जे राहिले त्यांना किंमत पाडण्यासाठी नवे कारण सापडेना.

यामागे नुसता भलेपणा नाही, कायदाही आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे जुनी वस्तू पारखून घेणे हे मुख्यतः घेणाऱ्याचे काम. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूक ठरते. गंजावर रंग मारणे वेगळे आणि 'येथे गंज होता, रंग मारला आहे' असे सांगणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात झोप चांगली लागते, हा आमचा अनुभव.

चालवून पाहण्यास आम्ही दोन अटी घातल्या: वाहन परवाना दाखवावा, आणि आमच्यापैकी एकाने शेजारी बसावे. पेठेच्या बोळांतून एवढी गाडी काढताना घेणाऱ्याचा हात कळतोच. पुढे धारवाडच्या रस्त्याने उणकलपर्यंत जाऊन आले की बाकीचेही कळते. 'दोन दिवस घरी ठेवून पाहतो, घरच्या मंडळींना दाखवतो' ही मागणी आली तेव्हा घरच्या मंडळींनाच चहाला बोलावले. ती मंडळी आली, फळ्यांवर बसून पाहिली, मुलांनी पडदे ओढून पाहिले. त्या चहाने जे काम झाले ते दोन दिवस गाडी बाहेर ठेवून झाले नसते.

आतल्या सोयींवरून जी बोलाचाली झाली ती मात्र आम्हांला अनपेक्षित होती. गाद्या, पडदे, पाण्याची टाकी हे सारे गाडीबरोबर जाणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. गिऱ्हाइकास शेगडीबरोबर सिलिंडरही हवा होता. येथे ठाम राहावे लागले. घरगुती गॅसचा सिलिंडर आपण विकत घेतलेला नसतो. तो तेल कंपनीच्या मालकीचा, अनामत भरून आपल्याकडे ठेवलेला असतो. जे आपले नाही ते विकणार कसे? शिवाय चालत्या गाडीत तो ठेवणे धोक्याचे.

दुसरी मागणी निजण्याच्या फळ्यांविषयी होती, आणि ती आम्हांला रास्त वाटली. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ घाट यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. युरोप-अमेरिकेत घर घातलेल्या गाड्या कारखान्यातूनच तशा निघतात व तशाच नोंदल्या जातात. आपल्याकडे आता अशा गाड्यांसाठी स्वतंत्र मानके आहेत, महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये त्यांच्या पर्यटनासाठी धोरणेही जाहीर केली. परंतु गल्लीतल्या सुताराने बसवलेली फळी त्यात मोडत नाही. 'आसने पुन्हा बसवून द्या, नोंदणीत जेवढी माणसे लिहिली आहेत तेवढ्यांची जागा दिसली पाहिजे,' असे घेणारा म्हणाला, तेव्हा माळ्यावर जपून ठेवलेली मूळ आसने खाली आली. फळ्या सुटत्या करून दिल्या. त्यांचे पुढे काय करावयाचे ते त्याच्यावर सोपवले. येथे किंमत कमी करण्यापेक्षा खर्च सोसणे बरे, कारण त्याचे मागणे पैशाचे नव्हते, कागद आणि गाडी जुळण्याचे होते.

डॅशबोर्डावरची देवीची लहान तसबीर त्यांनाही हवी होती. घरातून आईंनी ती आधीच काढून नेली होती. ती मागणी तेथेच विरली.

आता ज्या मागणीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. किंमत ठरत आली की हळू आवाजात एक वाक्य येते: 'नाव नंतर करून घेतो, काका. तुम्ही फक्त सह्या करून ठेवा.' परका माणूस हे बोलला तर आपण सावध होतो. सोयरा बोलला की आपल्याला संकोच वाटतो. जणू 'आधी नाव बदला' म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. आमच्याकडे हे वाक्य दोन ठिकाणांहून आले. पेठेतल्या परिचितांना यात्रेच्या हंगामात गाडी भाड्याने चालवून पाहावयाची होती आणि धंदा जमला तरच नाव करावयाचे होते. कोल्हापूरकडच्या नातलगांचे म्हणणे असे की, दुसऱ्या राज्यात गाडी एक वर्ष जुन्या क्रमांकावर चालते, तेव्हा घाई कशाला?

दोघांचीही समजूत अर्धवट होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील बारा महिन्यांची मुदत आहे ती नव्या राज्याचा क्रमांक घेण्यासंबंधी. मालकाचे नाव बदलण्यासाठी नव्हे. नावासंबंधीचे ५० वे कलम निराळे आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ. कार्यालयास कळवावयाचे, राज्याबाहेर गेली तर पंचेचाळीस दिवसांत ना-हरकत प्रमाणपत्रासह. घेणाऱ्याला तीस दिवसांची मुदत. विकणाऱ्याची सूचना नमुना २९ मध्ये, हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये, आणि परराज्यासाठी ना-हरकत नमुना २८ मध्ये. 'सह्या करून ठेवा' म्हणजे याच कोऱ्या नमुन्यांवर. कोऱ्या नमुन्यावर सही देणे म्हणजे तारीख आणि घेणाऱ्याचे नाव या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणे. तो गाडी तिसऱ्याला विकेल, तिसरा चौथ्याला. तुमची सही सगळ्यांच्या खिशातून फिरत राहील.

हे उगाच घाबरवणे नव्हे. उत्तर भारतातील एक मोटार २००७ पासून अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर. मे २००९ मध्ये तिने दोघांना धडक दिली व त्यांतला एक दगावला. भरपाई कोणी द्यावयाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल लागला: ज्याचे नाव नोंदवहीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. ज्याचे माणूस गेले त्याने गाडी कोणी कोणाला कधी विकली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही, हा न्यायालयाचा विचार. तो न्याय्यच आहे. मात्र ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकून पैसेही मोजून घेतले होते, त्याच्या बाजूने क्षणभर पाहावे. स्टँपपेपरवर केलेली आपसांतली लिखापढी अशा वेळी तुमच्या-आमच्यातच राहते.

भाड्याने चालवण्याची गोष्ट आणखी बिकट. खासगी नोंदणीची गाडी परवान्यावाचून भाड्याने धावली व त्यात काही घडले तर विमा कंपनी हात झटकण्याचा प्रयत्न करणार हे उघड आहे. मग गाडी त्यांची, प्रवासी त्यांचे, भाडे त्यांचे आणि नाव आमचे. आम्ही त्या परिचितांना घरी बोलावून हे सारे याच शब्दांत सांगितले. ते काही दिवस देवळात भेटले तरी मान वळवून जात. पुढे संक्रांतीला तिळगूळ देण्यास त्यांच्या घरची मंडळी आली. संबंध तुटले असते तरी आम्ही तेच केले असते. सुदैवाने तेवढी किंमत द्यावी लागली नाही.

नातलगांशी बोलणे अधिक नाजूक. त्यांची दुसरी मागणी अशी की, महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा वाहनकर आम्ही किंमतीतून वजा करावा. ही मागणी पैशाची होती, म्हणून ती आम्ही ऐकून घेतली आणि काही रक्कम सोडलीही. राज्य बदलले की कर नव्याने बसतो हा काही घेणाऱ्याचा दोष नाही, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना घरे असलेल्या आपल्यासारख्यांना तर हा भुर्दंड नेहमीचाच. पण नावाच्या बाबतीत आमचा शब्द पहिलाच राहिला: ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज दोघांनी मिळून करू, ते हाती आल्यावर गाडी न्या, आणि तिकडच्या कार्यालयात अर्ज भरल्याची पावती पाठवा. घरातील वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून 'पोरांनो, आपल्यातल्या आपल्यात एवढे कागद कशाला?' असे म्हणून पाहिले. त्यांना एवढेच विचारले की, शेताच्या वाटणीच्या वेळी आपण तलाठ्याकडे नोंद का केली होती? ते हसले व गप्प झाले.

अखेर गाडी याच नातलगांकडे गेली. पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी पाळल्या. विसार म्हणून जी रक्कम घेतली तिची पावती लिहून दिली, आणि व्यवहार मोडल्यास ती कोणी, किती परत करावयाची हेही त्यातच लिहिले. विसाराचे भांडण हे बहुधा या न लिहिलेल्या ओळीचे भांडण असते. बाकीची रक्कम बँकेतून घेतली. 'रोख देतो, थोडे कमी करा' अशी विनंती होतीच; पण २०१७ पासून आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई केली आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. जाता जाता सांगावेसे वाटते की, दूरध्वनीवर स्वतःला लष्करातील अधिकारी म्हणवून, गाडी न पाहताच पूर्ण किंमत मान्य करणारे आणि 'पैसे पाठवतो, हा चौकोनी संकेत स्कॅन करून तुमचा गुप्त अंक घाला' म्हणणारेही आमच्या वाट्यास आले. पैसे देताना गुप्त अंक लागतो, घेताना लागत नाही. एवढे घरातील वृद्धांना सांगून ठेवावे.

गाडी नेताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या केल्या. त्या क्षणानंतरचा दंड कोणाचा याचा निदान आपसांत तरी वाद राहत नाही. थकलेले दंड आम्ही आधीच भरले होते. काचेवरचा फास्टॅग काढून बँकेला कळवून बंद केला; तो तसाच राहिला तर धारवाड ओलांडताच पथकर आपल्या खात्यातून जाऊ लागतो, आणि नव्या मालकालाही त्या गाडीसाठी स्वतःचा फास्टॅग घेताना अडचण येते. विम्याची मुदत शिल्लक होती. कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने चौदा दिवसांत तो स्वतःच्या नावे करून घ्यावयाचा असतो. दावा न केल्याबद्दल जी सवलत वर्षानुवर्षे साचत जाते, ती पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि ती गाडीची नसून मालकाची असते. नातलगांना वाटत होते की तीही गाडीबरोबर येईल. ती आम्ही ठेवून घेतली व फरकाचा हप्ता त्यांनी भरला.

काही आठवड्यांनी परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर पाहिले, तर मालकाच्या जागी नवे नाव चढले होते. आता त्या गाडीला महाराष्ट्राचा क्रमांक आहे. आषाढीला ती पंढरपूरला जाऊन आल्याचे कळले, फळ्या पुन्हा बसवल्याचेही कळले. सवलतीचे विमा कंपनीचे पत्र तीन वर्षे चालते. धाकट्या बंधूंच्या मनात लहान गाडी घेण्याचे आहे, म्हणून ते आईंच्या कपाटात, देवीच्या त्या तसबिरीमागे ठेवले आहे.